नेल्डाच्या जागेवर

रविवारी टॅकेटांच्या घरात बीन्स आणि मक्याचा पाव झाला की समजायचं, काहीतरी ठरवायचं आहे. एरवी रोशेल आईकडे येताना कोपऱ्यावरून चिनी जेवणाची खोकी घेऊन यायची आणि तासाभरात परत जायची. पण आज मावशीने, ओपलने, सकाळपासून हॅमचं हाडूक घालून बीन्स शिजत ठेवले होते, बेकर्सफील्डला तिची आई शिजवायची तसे. आणि ईस्टरच्या भांडणानंतर जो या घराची पायरी चढला नव्हता, तो ड्वेनही येऊन बसला होता. बहिणीच्या समोरची खुर्ची सोडून, तिरका.

टेबलाच्या टोकाला दोघांची आई, नेल्डा. जूनमधल्या अर्धांगवायूच्या झटक्याने तिच्या तोंडाची उजवी बाजू खाली ओढली गेली होती आणि उजवा हात मांडीवर ठेवावा तिथेच पडून राहायचा. डोकं मात्र शाबूत होतं. सगळं कळायचं. बोलायला गेलं की शब्द वाटेत अडकायचे आणि एखाददुसराच बाहेर यायचा.

रोशेलला वळसे घालून बोलणं कधी जमलं नाही. आईच्या कामाचे फोन, करार, मुलाखती हे सगळं तीच बघायची, त्यामुळे घरातसुद्धा तिचा आवाज कचेरीतलाच असायचा.

"मी सरळच सांगते. मंगळवारी शेवटचा भाग चित्रित होतोय. आता एकोणीस वर्षांची मालिका संपवायची, आणि त्यात आईची आजी हॅटी नाही, असं कसं चालेल? म्हणून त्यांनी वाट काढलीय. हॅटी कोट घालते, घराच्या पुढच्या दारातून निघून जाते. पाठमोरी. एकच शॉट, एकही वाक्य नाही."

"मग अडलंय कुठे?" ड्वेन म्हणाला.

"अडायचं कारणच नाही. पाठ कुणाची, हे बघणाऱ्याला कळत नाही." रोशेलने मावशीकडे बघितलं. "मावशीची उंची तीच, खांदे तेच, चालसुद्धा जवळजवळ तीच."

"पाठच दाखवायची तर आईचीच दाखवा की."

"आणि सेटवरच्या शंभर माणसांचं काय? त्यातल्या एकाने गुपचूप फोटो काढला, की पुढच्या आठवड्यात किराण्याच्या रांगेत, च्युइंगगमच्या शेजारी टांगलेल्या गॉसिप मासिकांवर आईचा चेहरा दिसेल. बघवेल तुला?"

"तुला आईची लाज वाटते, दुसरं काही नाही."

"मला आईची काळजी वाटते. सहा महिन्यांनी उगवून काळजी दाखवायला मला नाही जमत, बाबा. रोज येते मी."

आमच्या या स्टुडिओंच्या खोऱ्यात चित्रपटवाल्यांच्या घरांतली भांडणं मोठ्याने होत नाहीत. सगळ्यांना आवाज कुठवर पोचतो ते नेमकं माहीत असतं. बाहेर गरम वारा सुटला होता आणि शेजाऱ्यांच्या पोहण्याच्या तलावात पाम झाडाची वाळकी फांदी पडली, तेवढाच आवाज झाला.

नेल्डाने डाव्या हाताने चमचा उचलला आणि ताटलीवर वाजवला.

"मी," ती म्हणाली. मग बराच वेळ गेला. "मी. जाणार."

जूनपासून घराला एक सवय लागली होती. नेल्डाने एक शब्द काढला की सगळे ओपलकडे बघायचे, आणि ओपल त्याचं वाक्य करून द्यायची. आताही सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. ओपल मक्याचा पाव कापत होती. तिने सुरी खाली ठेवली नाही.

"रोशेल म्हणतेय ते बरोबर आहे," ती म्हणाली. "मी करीन."

इतक्या वर्षांत ओपल नेल्डाच्या विरुद्ध बोलली, असं त्या टेबलावर कुणी ऐकलं नव्हतं.

ओपल या घरात आली ती अशी: नेल्डाला स्टुडिओचा पहिला करार मिळाला तेव्हा धाकटी बहीण महिनाभर सोबतीला म्हणून बसने आली आणि राहिलीच. एका सकाळी दिव्यांसाठी उभी राहणारी मुलगी आजारी पडली. तारका मेकअपच्या खोलीत असते तेव्हा तिच्या जागेवर कुणीतरी उभं राहावं लागतं, म्हणजे दिवे लावणाऱ्यांना सावली कुठे पडते ते दिसतं. कुणीतरी म्हणालं, हिच्या बहिणीलाच उभी करा. तिथून ओपल उभी राहिली ती आजतागायत. नेल्डाला आधी घोडे धरून उभं राहायच्या भूमिका मिळाल्या, काउबॉयांच्या वेस्टर्न चित्रपटांत. मग तो एक चांगला चित्रपट आला, ज्याचं नाव आजही लोक नेल्डाला भेटल्यावर घेतात. मग काम आटलं, धुण्याच्या पावडरीच्या जाहिराती आल्या, टीव्हीवर एकेका भागापुरत्या नर्स आणि विधवा आल्या, आणि सगळं संपलं असं वाटत असताना 'पेपरट्री लेन'मधली आजी हॅटी आली. प्रत्येक ठिकाणी जमिनीवर नेल्डासाठी लाल पट्टी चिकटवलेली असायची, आणि त्या पट्टीवर आधी ओपल जाऊन उभी राहायची. दिवे लागले, कॅमेरा नीट झाला, की सहायक हाक मारायचा, "कलाकार जागेवर." ती हाक आली की ओपल पट्टीवरून उतरायची आणि कोपऱ्यातल्या घडीच्या खुर्चीत जाऊन विणकाम काढायची. नेल्डाच्या खुर्चीच्या पाठीवर तिचं नाव असायचं. ओपलच्या खुर्चीवर काही नव्हतं.

आता नेल्डा तिच्याकडे एकटक बघत होती. त्या बघण्यात राग नव्हता, आणि तेच ओपलला सहन झालं नाही.

"तुला," नेल्डा म्हणाली. "हवंय."

"नाही गं, मावशी तुझ्यासाठीच—" रोशेल मध्ये पडली.

"हो, हवंय," ओपल म्हणाली. सुरी आता तिने खाली ठेवली. "खोटं कशाला बोलू? जन्मभर तुझ्या जागी उभी राहिले, आणि कॅमेरा चालू व्हायची वेळ आली की उतरले. एकदा, एकदाच, तो चालू असताना मला तिथे उभं राहायचंय. पाठ तर पाठ. तोंड मागतेय का मी?"

बीन्सवर साय धरायला लागली.

"मला वाटलं तू आईसाठी म्हणतेयस," रोशेल म्हणाली. तिचा आवाज बदलला होता.

"आईसाठी पण आहेच."

"ते 'पण' आलं ना, तिथेच संपलं. मग नको. मग आईच करेल. ती पडली, झडली, फोटो निघाले, तरी चालेल. पण तिच्या आजारपणावर कुणी स्वतःची हौस भागवायची, हे मला नाही चालायचं."

"हौस?" ड्वेन खुर्चीत सरळ बसला. "तुझी वेणी कोण घालायचं? मला गोवर झाला तेव्हा आई चित्रीकरणाला युटाच्या वाळवंटात होती, रात्रंदिवस कोण बसलं होतं? आईला काम करता यावं म्हणून हिने आपल्याला सांभाळलं. आता म्हातारपणी काहीतरी मागितलं तर लगेच हौस झाली? मावशी, तूच कर. मी तुझ्या बाजूने आहे."

अर्ध्या तासात दोघांनी बाजू बदलल्या होत्या आणि दोघांपैकी एकाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. हे घर असंच. इथे माणसं आधी भांडायला बसतात आणि मग कशावरून ते शोधतात.

नेल्डाने पुन्हा चमचा वाजवला. या वेळी जोरात.

"मी," ती म्हणाली.

ओपलने तिच्याकडे बघितलं आणि मान डोलावली. मग उठून ताटल्या गोळा करायला लागली. "बरं," ती म्हणाली. "दिव्यांना तरी मी लागेनच ना? की त्यालाही दुसरी आणताय?"

"मावशी," ड्वेन म्हणाला.

"अरे, गंमत केली. गोडाला लेमन पाय आहे. कोण कोण घेणार?"

*

संध्याकाळी मुलं गेल्यावर ओपल नेल्डाचे केस विंचरत होती, तेव्हा नेल्डाला खूप काही सांगायचं होतं.

तिला सांगायचं होतं की मला आजवर कुठूनही उठून निघता आलेलं नाही. स्टुडिओने करार संपवला तेव्हा ते फोनवर कळलं, त्याच्या आदल्या दिवशी ती सेटवर हसत हसत "उद्या भेटू" म्हणून आली होती. पावडरीच्या जाहिरातीत तिच्या जागी तरुण मुलगी आली, ते तिने दुसऱ्या सगळ्यांसारखं टीव्हीवर बघितलं. एवढी मोठी कारकीर्द, आणि शेवटचा दिवस शेवटचा आहे हे तिला एकदाही आधी कळलं नव्हतं. या धंद्यात माणसाला कुणी काढत नाही, फक्त फोन वाजायचा थांबतो. या वेळी मात्र ठाऊक होतं. मंगळवार, एक कोट, एक दार. तेवढं आपल्या पायांनी चालून जायचं होतं.

"ओप," ती म्हणाली. पुढचं आलं नाही.

"माहितीय," ओपल म्हणाली. "डोकं सरळ ठेव, गुंता आहे इथे."

तिला खरंच माहीत होतं का, ते नेल्डाला कळलं नाही. आरशात तिला ओपलचा चेहरा दिसत होता. रडून सुजलेला होता, पण हात नेहमीसारखाच हलका होता.

*

मंगळवारी सकाळी ओपल लाल पट्टीवर उभी राहिली. हॅटीच्या घराची बैठक, तोच जुना कोच, तेच खोटं घड्याळ. दिवे लावणाऱ्यांपैकी निम्म्यांना तिने त्यांच्या लग्नात मोजे विणून दिलेले होते. "मिस ओपल, जरा डावीकडे," ते म्हणायचे, आणि ती त्यांच्या आधीच सरकलेली असायची.

मग नेल्डा आली. डाव्या हातात काठी, एका बाजूला ड्वेन, दुसऱ्या बाजूला रोशेल, जी कुणाच्या हातात फोटोचा कॅमेरा आहे का ते बघत होती. कुणाच्याच हातात नव्हता. सगळे उभे राहिले. दिग्दर्शिका मार्गो पुढे आली. ती या मालिकेत चहा आणून द्यायच्या कामाला लागली होती आणि चढत चढत इथवर आली होती. तिने नेल्डाच्या गालाला गाल लावला, पडलेल्या बाजूच्या.

"कोट घालू या. आधी एकदा नुसतं चालून बघू."

हॅटीचा तपकिरी कोट नेल्डाच्या अंगावर चढला. ती पट्टीवर उभी राहिली आणि दाराकडे चालू लागली. हळू, पण चालली. ती दारापाशी पोचली आणि थांबली.

डाव्या हातात काठी होती. उजवा हात कोटाच्या बाहीत लोंबत होता. दाराची मूठ फिरवायला हातच नव्हता.

लेकीने चेहऱ्याची काळजी केली होती आणि लेकाने मनाची. दोन बहिणींनी एकमेकींची मनं दुखावून घेतली होती. बीन्सच्या त्या पातेल्याभोवती बसून चौघांनी सगळा विचार केला, फक्त दार कशाने उघडायचं याचा केला नाही. जन्मभर कॅमेऱ्यापुढे काढलेली माणसं ती. कसं दिसेल, एवढंच त्यांना सुचलं.

"काही हरकत नाही," मार्गो लगेच म्हणाली. "दार आधीच उघडं ठेवू. तुम्ही फक्त बाहेर जा."

नेल्डाने मान हलवली. नाही.

"का गं आई?" रोशेल म्हणाली. "किती सोपं आहे."

"हॅटी," नेल्डा म्हणाली. तिच्या कपाळावर घाम आला. "दार. लावते."

सेटवरच्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. एकोणीस वर्षांत हॅटी एकदाही दार उघडं टाकून गेली नव्हती. ती दार ओढून घ्यायची आणि मग बाहेरून तळहाताने एकदा ढकलून बघायची, लागलं की नाही ते. ती सवय लेखकांनी लिहिलेली नव्हती. ती नेल्डाने आणली होती, आणि नेल्डाने तिच्या आईकडून घेतली होती, जिच्या कापूसवेचणाऱ्यांच्या खोपटाचं दार कधीच धड लागायचं नाही.

"मी मागे लपतो," ड्वेन म्हणाला. "बाहेरून मी ओढून घेईन."

नेल्डाने त्याच्याकडे प्रेमाने बघितलं आणि पुन्हा मान हलवली. घर सोडताना हॅटीचं दार दुसऱ्याने लावायचं, हे तिला पटेना. ती तशीच दाराला टेकून उभी राहिली. एवढं बाकी होतं, आणि तेही हातात येऊन गेलं. तिचे डोळे भरून आले आणि पुसायला हात मोकळा नव्हता. रोशेल पुसायला पुढे झाली, तर नेल्डाने तोंड वळवलं.

मग ती काठी टेकत उलट फिरली. कोपऱ्यातल्या घडीच्या खुर्चीत ओपल विणकाम मांडीवर घेऊन बसली होती. सुया थांबलेल्या होत्या.

"ओपल," नेल्डा म्हणाली, आणि खांद्यावरून कोट झटकायला लागली.

"नको," ओपल म्हणाली. "आज नको. अशाने नको मला."

"कोट. घाल."

रोशेलनेच कोट काढला. मावशीपाशी घेऊन गेली आणि बाह्या धरून उभी राहिली. ती रविवारचं काही बोलली नाही. ओपलने हात घातले तेव्हा तिने मावशीची कॉलर सारखी केली आणि हात क्षणभर तिथेच ठेवला.

नेल्डाला तिच्या नावाच्या खुर्चीकडे न्यायला ड्वेन पुढे आला. ती खुर्ची लांब, पडद्यापाशी होती. नेल्डा मध्येच थांबली आणि ओपलच्या घडीच्या खुर्चीत बसली. इथून दार सरळ दिसत होतं.

ओपल पट्टीवर उभी राहिली. दिवे तिच्यासाठीच लावलेले होते, कुणाला काही हलवावं लागलं नाही.

"शांतता," सहायक म्हणाला. "कलाकार जागेवर."

आणि ओपल पट्टीवरून उतरून चालायला लागली.

दोन पावलं गेल्यावर तिच्या लक्षात आलं. कुणीतरी हसलं, मायेनेच. ती शरमून परत आली. "माफ करा हं. पायांना सवय आहे." पुन्हा शांतता झाली, सहायकाने पुन्हा हाक दिली, आणि तिचे पाय पुन्हा हलले. या वेळी कुणी हसलं नाही. ओपल पट्टीच्या बाहेर उभी राहून स्वतःच्या बुटांकडे बघत होती. "मला नाही जमणार," ती हळूच म्हणाली. "मार्गो, बाळा, दुसरी कुणी बघा."

"ओपल, जागची हलू नकोस."

सगळ्यांनी वळून बघितलं. रोशेलने तोंडावर हात ठेवला. जूनपासून त्या तोंडातून अख्खं वाक्य आलं नव्हतं, आणि हे स्वच्छ आलं होतं, बेकर्सफील्डच्या हेलात, थोरलीने धाकटीला दटावावं तसं.

ओपल पट्टीवर गेली. हाक आली. ती हलली नाही.

*

मग कॅमेरा चालू झाला, हे तिला आवाजावरून कळलं. तिने कोटाचं बटण लावलं. खोलीकडे एकदा बघितलं, मान न वळवता, जेवढं डोळ्यांच्या कडेला दिसतं तेवढं. कॅमेरा मागे होता. वळली तर चेहरा दिसला असता. वळावं असं तिला वाटलं. वाटलं नाही असं कोण म्हणेल? एवढ्या वर्षांत कुणी बघितला होता तो? पण ती आता ओपल नव्हती, हॅटीही नव्हती. ती नेल्डा होती, आणि नेल्डा वळली नसती.

तिने मूठ फिरवली, बाहेर पडली, दार ओढून घेतलं. मग बाहेरून तळहाताने एकदा ढकलून बघितलं. लागलं होतं.

दाराच्या मागे काही नव्हतं. प्लायवूडची उघडी पाठ, वाळूच्या दोन पिशव्या, कुणाचातरी अर्धा प्यालेला कॉफीचा कप. ओपल तिथे अंधारात उभी राहिली.

आत मार्गोने "कट" म्हटलं. मग सहायकाचा आवाज आला. अशा वेळी तो मोठ्याने जाहीर करायचाच, ती इथली रीत होती. "मंडळी, 'पेपरट्री लेन'मधला नेल्डा टॅकेट यांचा हा शेवटचा शॉट होता."

टाळ्या सुरू झाल्या. खूप जोरात, कुणी शिट्ट्याही घातल्या. ओपल ऐकत राहिली. नाव बरोबरच घेतलं होतं, दुसरं कुठलं घेणार? पण लागलं तिला, आणि लागल्याचीही लाज वाटली. टाळ्या थांबेपर्यंत इथेच थांबावं आणि मागच्या बाजूने कपडे बदलायच्या खोलीत जावं, असं तिने ठरवलं. कोटाची बटणं काढायला घेतली.

दाराची मूठ हलली. थांबली. पुन्हा हलली, आणि दार आतल्या बाजूला उघडलं.

दारात नेल्डा होती. काठी तिने टाकून दिली होती. ड्वेनने तिला मागून कमरेत धरलं होतं, आणि तिचा डावा हात मुठीवर होता. तिच्या मागे सगळी माणसं उभी होती आणि टाळ्या चालूच होत्या. ओपलला बघून त्या वाढल्या.

नेल्डाने मुठीवरून हात काढला आणि टाळीसाठी वर धरला. तो नुसता हवेत राहिला. दुसरा हात येत नव्हता. तिने खाली त्याच्याकडे बघितलं, मग ओपलकडे बघितलं.

ओपलने आपला उजवा हात पुढे केला, तळवा उघडा. नेल्डाने त्यावर हात मारला. पहिल्यांदा हळू, मग जरा जोरात.